नारळीच्या बागेतली कबर

मुनीर जेसीबी असा चालवायचा की जमिनीखालची पाण्याची नळीसुद्धा फुटायची नाही. ओमानच्या सलालाहमध्ये त्याचं तेवढ्यासाठी नाव होतं. माणूस मूळचा राजापूरकडचा, बोलायला कंजूष. पण गेल्या वर्षी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, नारळीच्या बागेत भिंतीचा पाया खणताना त्याच्या तोंडून "या अल्ला!" निघालंच. मातीत माणसाच्या मापाचा लांबट दगडी खड्डा लागला होता. बुडाला गोल भोक होतं, तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. मशीन बंद करून त्यानं फातिहा पढला, हातांनी माती परत लोटली आणि अर्बाबला सांगितलं, कबर आहे. अर्बाबही हबकला. "खलास, हात लावू नको," म्हणाला आणि त्यानं कोपऱ्याला कुंपण घातलं.

मुनीरनं हे घरी बायकोला, कुलसुमला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा सकलैन सुट्टीत आजोळी गेला आणि तिथेच तापानं दगावला. विमान मिळेपर्यंत दफन झालं. आता मी कशाला येऊ, म्हणून कुलसुम गेलीच नाही. रडलीही नाही, गावाचं नाव काढू देईना. त्या कुंपणाशी पहिल्यांदा बसली तेव्हा मात्र धाय मोकलून रडली. कुणाची कबर, कुठला पीर, काही ठाऊक नसताना ती दर जुम्म्याला तिथे अगरबत्ती लावायला जाऊ लागली. हळूहळू जेवायला लागली, बोलायला लागली.

यंदा त्याच बागेत रंगीत खड्यांची फरशी निघाली, आणि जमाल नावाचा ओमानी संशोधक माणसं घेऊन आला. कुणा रोमन व्यापाऱ्याचं घर असावं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, असं तो म्हणायचा. खोल्या सापडल्या, चूल सापडली, न्हाणीघर काही सापडेना. परवानगीचे दोन दिवस उरले. कुंपणातल्या कबरीला अर्थातच कुणी हात लावला नव्हता.

जमालनं मुनीरपुढे मोबाइलवरचा एक फोटो धरला. "मुनीरभाई, असला टब कधी खणताना दिसला?"

लांबट दगडी खड्डा, बुडाला गोल भोक. वर्षभर आपण कुणा व्यापाऱ्याच्या न्हाणीपुढे अगरबत्ती लावली! हसावं की रडावं, मुनीरला कळेना. गप्प बसला असता तर कुलसुमची जागा राहिली असती. पण ठाऊक असताना तिला तिथे बसवायचं? ते त्याच्यानं होईना. "उद्या सांगतो," एवढंच तो म्हणाला आणि घरी गेला.

कुलसुम भाकरी थापत होती. ऐकताच तिचे हात पिठातच थांबले.

"न्हाणी?"

"हो."

"मग वर्षभर मी कोणापुढे रडले वो?"

तव्यावरची भाकरी करपून धूर झाला, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. मग कुलसुमनं गॅस बंद केला.

"तिकीट काढा. गावाला जाऊया."

"कबरस्तानात बायकांना सोडत नाहीत गो."

"नाही सोडत तर नाही. भिंतीच्या बाहेर बसेन. आत माझा सकलैन असेल."