आईची मिसरी

शिरूरला माझी शाळेत नोकरी लागली आणि वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. घरात गॅस होता, तरी तिने मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली. ती फक्त मिसरीसाठी. काठ तुटलेल्या तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, तळहातावर चुरायचा आणि डबीत भरायचा. धुराने आम्हाला ठसका लागायचा. मग ती पायरीवर बसून बोटाने सावकाश दात घासत राही. शेजारणीही चिमूटभर मागायला येत.

ही सवय तिला खुटबावला, माहेरी लागली. माझ्या वेळी दिवस गेलेले असताना तिची दाढ दुखत होती, तेव्हा तिच्या आईनेच हिरडीवर मिसरी दाबून दिली होती. दाढेचं दुखणं थांबलं. तोंडात काही दुखलं की मिसरी, हे तेव्हापासून तिच्या मनात पक्कं बसलं.

त्यामुळे गालाच्या आत फोड आला तेव्हा तिने कोणाला सांगितलं नाही. फोडावर मिसरी धरून बसायची. थोडा वेळ तिथे बधिर होई. फोड चिघळला तशी ती जास्त धरू लागली. आधी तिखट सुटलं, मग भाकरी दुधात कुस्करून खाणं सुरू झालं.

"आत्या, आमटी तिखट झालीय का?" बायकोने एकदा विचारलं.

"तुझी आमटी कवा तिखट असती गं? नुसतं पाणी," आई म्हणाली आणि ताट सरकवलं.

अखेर तोंड उघडेना. गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, बराच वेळ हात धुतले आणि पुण्याला न्यायला सांगितलं. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत आमची एस.टी. अडकून पडली होती. आई खिडकीबाहेर बघत होती. "दाढ काढत्याल, दुसरं काय," ती म्हणाली.

काढला तो जबडा, आणि बराचसा गाल. घरी आल्यावर तिने तोंडावरचा पदर कधी सोडला नाही. पेज भिंतीकडे वळून प्यायची, आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. बोललेलं आम्हाला कळेना. दोनदा विचारलं की ती गप्प होई. "दुखतंय का?" असं मी रोज विचारायचो. ती हातानेच नाही म्हणायची. पुन्हा गाठ आली, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, तरीही तिचं उत्तर तेच होतं.

त्या दिवसांत मावशी खुटबावहून भेटायला आली. बहिणीशेजारी बसून थोडा वेळ रडली. मग सवयीने कमरेची डबी काढली.

"लावू का गं तुला थोडी? कळ तरी थांबल," ती म्हणाली.

मायेनेच म्हणाली. आई डबीकडे बघत राहिली. तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने, आजी बुडवायची तसं, त्या डबीत बोट बुडवलं.

आईने तिचं मनगट धरलं. कुठून आणला इतका जोर, कळलं नाही. दुसऱ्या हाताने तिने पदर खाली घेतला.

मावशीने डोळ्यांवर हात ठेवला. मीही नीट पाहू शकलो नाही. मुलगी मात्र बघत राहिली.

"आजी, दुखतं का गं?" तिने विचारलं.

आईने मान हलवली. व्हय. मग पुन्हा हलवली, आणि हलवतच राहिली.

मुलीने बोट फ्रॉकला पुसलं. मावशीने डबी मिटली, पण ती परत कमरेला खोचायचं तिला सुचेना.

त्यानंतर आईने माझ्यापासूनही तोंड झाकलं नाही. पेज मी भरवू लागलो. चमच्यातली निम्मी गालातून बाहेर यायची, ती मी पुसायचो. दुखलं की ती माझा हात धरायची, आणि मी थांबायचो. संक्रांतीच्या आधी ती गेली.