चालत आणीन म्हणाले होते

लेक तीन वर्षांची झाली तरी मान धरेना, तेव्हा मी सिद्धरामेश्वराला नवस बोलले होते, की पोरगी तुझ्या दारात चालत आणीन. आणि तोवर मीही पायरी चढणार नाही, ही पुस्ती माझीच. हट्टाची जात आमची, देवाशीसुद्धा घासाघीस! गौरी आता नऊ वर्षांची आहे. चालणं सोडाच, भरवलेला निम्मा घासही तोंडाबाहेर येतो. तिच्या बापाने मोहोळला दुसरा संसार थाटला. मी घरी बसून विड्या वळते आणि हात चालू असताना मन एकाच गोष्टीला चिकटून राहतं. नवस फिटला नाही, म्हणून तर हे भोगणं नाही ना? खराब विड्या बाजूला काढतात, तसं देवाने आम्हा दोघींना काढलं असेल का? देवळाच्या तळ्याकाठून जाताना मी कळसाकडे बघायचेही नाही. राग होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर तिचं झटक्यांचं औषध संपलं. तिला ठेवणार कुणाकडे? कंबरेवर घेतलं आणि दवाखाना गाठला. परतताना रस्ता अडलेला. सिद्धरामाच्या मानाच्या काठ्या, म्हणजे ते उंचच उंच सजवलेले नंदीध्वज, मिरवत येत होत्या. ज्याला इतकी वर्षं टाळलं तोच समोरून येत होता. मी पाठ फिरवली आणि नेमका तेव्हाच गौरीला झटका आला. तिचं अंग ताठलं, हातातून निसटू लागलं आणि मागून माणसांचा लोंढा आला. "पोरगी गेली" एवढंच मी ओरडले. देवाचं नावही आठवलं नाही.

"सरा की मागं! लेकरू हाय हितं!" इरकली लुगड्यातल्या एका अनोळखी म्हातारीने दोन्ही हात पसरून गर्दी थोपवली. तिने गौरीला कुशीवर निजवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि अंग सैल पडेपर्यंत काहीबाही कानडीत पुटपुटत राहिली. मला मात्र रडू आवरेना.

"देवाकडं पाट करून का हुबी हुतीस गं अव्वा?" तिने विचारलं. मी नवसाचं सांगितलं. ती चक्क हसली.

"येडीच हायस. त्या काठ्या बग. आपल्या पायानं चालत्यात व्हय? माणसं कंबरंवर पेलत्यात, तवा देव गावभर फिरतोय. त्येला न्हाय लाज वाटत!"

समोर एकाने कंबरेच्या पट्ट्यावर काठी तोलली होती. घामाने निथळत होता, पण चेहऱ्यावर ओझं नव्हतं. मी बघतच राहिले. तेवढ्यात म्हातारी लुगडं झटकत उठली. "अक्कलकोटची गाडी चुकंल माजी," म्हणाली आणि गेली. नावही विचारायचं राहिलं. तिला कुणी धाडलं, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही.

दुसऱ्या दिवशी गौरीला घेऊन मी पायऱ्या चढले. तिचे झटके थांबलेले नाहीत. रात्री अजून दचकून उठते, ती श्वास घेते का बघते. पण ओझं देव उतरवेल म्हणून वाट बघायची नसते, ते त्याचं म्हणून उचलायचं असतं, एवढं मला कळलं. गाभाऱ्यापुढे तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि हात जोडायला दोन्ही हात मोकळे नव्हते म्हणून नुसतंच म्हटलं, "आणली बाबा चालत. पाय तेवढे माझे हायत."