लीलाताईंना पाठवलेला अंगठा

लीलाताई गेल्याचं मला जुन्या चाळीच्या ग्रुपवर कळलं. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही हात जोडले... आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये जाऊन बसलो.

नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही राहायचो, तेव्हा आमच्या समोरची खोली त्यांची. दहावीला मी गणितात गटांगळ्या खात होतो, तेव्हा दिवसभर शाळेत शिकवून दमलेल्या ताई रोज संध्याकाळी मला घेऊन बसायच्या. त्यांच्या एका सवयीची चाळीत चेष्टा व्हायची. कुणी काही केलं, की त्याला आभाराचं पत्र. निळ्या शाईत, चार ओळी. नळ दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा. यजमान इस्पितळात वारले, त्याच आठवड्यात त्यांनी वॉर्डातल्या नर्सला पत्र लिहिलं. मी चिडलोच. "माणूस वाचला नाही ताई, आभार कसले मानता?"

"शेवटी त्यांचं तोंड तिने पुसलं रे," त्या म्हणाल्या. "मला बाकावर झोप लागली होती."

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी त्यांना परळला गाडीने नेलं. थोड्या दिवसांनी पोस्टाने पत्र आलं. अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली. मी उभ्याउभ्या वाचलं आणि फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढे त्यांनीच विचारलं, "पत्र मिळालं ना रे?"

"अहो, अंगठा पाठवला की!"

"असं होय... मला वाटलं, चुकून दाबला गेला." नंतर दोनदा "ये एकदा" म्हणाल्या. नाही गेलो. गणिताबद्दलही कधी आभार मानले नव्हते. घरच्या माणसाचे कसले आभार, असं म्हणत राहिलो, आणि घरच्यासारखं वागलोही नाही.

ताईंना श्रद्धांजली वाहायला ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक वृद्ध बाई भायखळ्याहून एकट्याच आल्या होत्या. त्याच नर्स. त्यांनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं पत्र काढलं. "एवढ्या नोकरीत मला आलेलं हे एकच," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे पुष्कळ असतील ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

घरी येऊन सगळे खण उपसले. "काय शोधताय?" बायको विचारत राहिली. जुनी बिलं निघाली, लग्नपत्रिका निघाल्या. वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड निघालं, पाकिटात नीट जपलेलं. ते मशीन भंगारात देऊनही वर्ष झालं. ताईंचं पत्र काही सापडलं नाही.