दसऱ्याचा नारळ आणि बाईंचे शेरे

दसऱ्याच्या दिवशी मी लॅपटॉपच्या शेजारी नारळ फोडला आणि पाणी लॅपटॉप प्यायला.

माझी बाजूही ऐका. माझे वडील गिरणीत होते. दसऱ्याला ते मागाला झेंडूचा हार घालायचे आणि त्याच्याच लोखंडावर नारळ आपटायचे. माग ते पाणी अंगावर घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा खडखडायला मोकळा. मी म्हटलं, यंत्र ते यंत्र. आमच्या परळच्या खोलीत त्या दिवशी शुभारंभ होता. मी आणि माझा मित्र सुहास नवशिक्यांना मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणारी वेबसाइट चालवतो. ती नव्या रूपात लोकांसमोर यायची होती. पेढे आले होते, लॅपटॉपला हळदकुंकू लागलं होतं. मी टेबलाच्या कडेवर नारळ जरा जास्तच भक्तिभावाने आपटला.

पडदा काळा झाला. मग आवाज आला, टक टक.

"परत बघ," बाई म्हणाल्या.

हे दोन शब्द बाईंचे. तुम्हीही अशा कुणाच्या तरी वर्गात बसला असाल. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. बोटाच्या पेराने टेबल वाजवायचं आणि म्हणायचं, "परत बघ." त्या आयुष्यभर रस्त्यालगतच्या शाळेत गणित शिकवत होत्या. बाहेरच्या बसगाड्यांशी आवाजाची स्पर्धा करता करता घसा कायमचा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, लागेल तेवढंच बोला. तेव्हापासून त्यांचं बोलणं तारेसारखं झालं, मोजकं आणि काळजात धस्स करणारं.

आमच्याकडे त्या आल्या त्या विद्यार्थी म्हणून. निवृत्तीनंतर ठाकूरद्वारच्या घरी बसून आमचे धडे सोडवायच्या. एक दिवस जिना चढून थेट खोलीत.

"तुमची वेबसाइट माणसावर ओरडते," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"कुठे ओरडते?"

"लाल अक्षरात 'चूक' लिहून येतं. वर उद्गारचिन्ह. मुलं पळून जातील."

"मग तुम्हीच लिहा," मी म्हणालो. मला वाटलं, जातील. त्या खुर्ची ओढून बसल्या.

पुढची काही वर्षं बाई शेरे लिहीत राहिल्या. कुणाचा प्रोग्रॅम अडला की वेबसाइटवर त्यांचा शेरा उमटायचा. कंस बंद करायचा राहिला तर: "उघडलात तुम्ही, मिटवणार कोण? शेजारी?" प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहिला तर: "थांबायचं कधी ते त्याला सांगितलंच नाहीत. बिचारा फिरतोय." आणि कुणी एकाच जागी सारखं अडखळलं तर: "उठा. पाणी प्या. या. मी इथेच आहे."

हा शेवटचा त्यांनी लिहिला तेव्हा मी म्हणालो, "बाई, प्रोग्रॅम कुठे असं बोलतो?"

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "घशातून येत नाही, म्हणून इथून."

वर्ग सुटला, आवाज गेला, शिकवायला एवढी एकच जागा राहिली होती. हे मला माहीत होतं. तरीही त्या दसऱ्याला काय झालं ते ऐका.

"शेरे नव्या वेबसाइटवर चढवलेस ना?" सुहासने विचारलं.

"संध्याकाळी चढवणार होतो. शुद्धलेखन तपासत होतो."

"मग जुन्या वेबसाइटवरून उचलू."

"ती सकाळीच पुसली. म्हटलं, कोऱ्या पाटीवर सुरुवात करू."

"आणि दुसरी प्रत?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. त्याच्या कळांमधून खोबऱ्याचा एक तुकडा डोकावत होता.

"अरे मेल्या," सुहास म्हणाला, "लोकांना पहिल्या आठवड्यात प्रत ठेवायला शिकवतोस रे तू!"

बाईंनी या वेळी टेबल वाजवलं नाही. पर्स उचलली, पेढा घेतला नाही, आणि सावकाश जिना उतरून गेल्या.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडून वास घेतला. "साब, इसमें क्या गिराया?"

"नारियल पानी."

"मलाई भी है," तो म्हणाला आणि झाकण लावून परत दिला.

नवी वेबसाइट सुरू झाली. दिसायला देखणी, चालायला चपळ. अडखळलं की लाल अक्षरात "चूक! पुन्हा प्रयत्न करा." मी बाईंना फोन करायचो. त्या उचलायच्या, ऐकायच्या. मी म्हणायचो, "बाई, परत लिहूया ना." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

एका दुपारी शिवडीच्या गोदामात काम करणारे एक गृहस्थ पत्ता शोधत वर आले. कपाळाचा घाम पुसून दारातच विचारलं, "त्या बाई गेल्या का हो?"

"कुठल्या बाई?"

"तुमच्या वेबसाइटमधल्या. बोलायच्या त्या."

शेऱ्यांखाली बाईंचं नाव आम्ही कधीच घातलं नव्हतं. "बाईच आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे काय! शाळेत गेलोय ना मी पण." त्यांनी मोबाइल काढला. "एवढंच सांगा, आहेत ना?"

मोबाइलवर शेऱ्याचा फोटो होता. "उठा. पाणी प्या. या. मी इथेच आहे." गृहस्थ जरा लाजून म्हणाले, "मिसेसना पाठवला होता. आता मी उशिरा उठलो की तीच मला हे म्हणते. शेवटचं वाक्य सोडून."

सुहासच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच दिवशी आम्ही वेबसाइटवर लिहिलं: बाईंचे शेरे आमच्याकडून हरवले आहेत, कुणाकडे असतील तर पाठवा. कुणी हरवले ते लिहायला सुहास विसरला नाही.

फोटो यायला लागले. वाकडे, अंधारे, कोपऱ्यात अंगठा आलेले. घोडपदेवच्या एका मुलीने कपाटाच्या दारावर शेरा चिकटवला होता, तिने दारासकट फोटो पाठवला. कुणी पडद्याशेजारी ठेवलेल्या ऑम्लेट-पावासकट. एकाला फोटो सापडला नाही, त्याने शेरा पाठ म्हणून दाखवला, आवाज घोगरा काढून. मी टंकत गेलो. शुद्धलेखनाला हात लावला नाही.

सगळे कागदावर छापून आम्ही ठाकूरद्वारला गेलो. बाईंनी दार उघडलं, कागद बघितले, आणि चष्मा न लावताच खुर्चीत बसल्या.

"वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "मोठ्यांदा."

मी वाचायला लागलो. शेजारच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली, मी आवाज चढवला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. कितीतरी वर्षांनी त्यांचा वर्ग त्यांना ऐकू येत असावा. मधेच टक टक.

"हा माझा नाही."

मी परत वाचला: "चुकलात तर काय झालं, चुकायला बसलात म्हणजे शिकायला बसलात."

"कुणीतरी स्वतःच लिहून पाठवलाय," सुहास म्हणाला. "काढून टाकतो."

बाईंनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. माझ्यासारखा झालाय."

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा जिना चढायला लागल्या. जे शेरे कुणाकडेच नव्हते ते त्यांनी नव्याने लिहिले. मला मात्र जवळ बसू दिलं नाही. "तू लांब बस. चहा पण लांबच ठेव."

मागच्या वर्षी बाई गेल्या. घशाचं नव्हे, हृदयाचं निमित्त झालं. वेबसाइटवर आम्ही काही लिहिलं नाही. शिवडीचे ते गृहस्थ अजून धडे सोडवतात, अजून अडखळतात, आणि त्यांना अजून "मी इथेच आहे" असं उत्तर येतं. ते खोडायला ना माझा हात धजावला, ना सुहासचा.

यंदाच्या दसऱ्याला सुहासने पूजा केली. नारळ खाली चौकात, माझ्या हातात न देता, फोडून आणला. मी लांब बसून जुने धडे तपासत होतो. प्रत ठेवायच्या धड्याशी आलो. तो मीच लिहिलेला, म्हणून कधी सोडवून बघितलाच नव्हता. म्हटलं बघू या, आणि मुद्दाम प्रत न ठेवता पुढे गेलो.

टक टक काही झालं नाही. नुसता शेरा उमटला:

"प्रत ठेवली नाहीत ना? परत बघा. न ठेवणारा एक आमच्याकडे आहे, तो इथे शिकवतो. शिकला की कळवू."