सोड आणि तोड

वरंधच्या रस्त्याला लागून असलेल्या बौद्धवाडीतला जानू हा पंपाचा माणूस होता. पंपाचं वेड त्याला का लागलं हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. खालच्या खोऱ्यातल्या बागायतवाल्यांनी नदीवर इंजिनं बसवली होती. त्यातलं एखादं ऐन उन्हाळ्यात रुसून बसलं, की ज्या माणसांनी जानूच्या बापाला जन्मात कधी धड नावाने हाक मारली नव्हती ती माणसं वाडी चढून यायची आणि ‘जानूभाऊ हायत का?’ म्हणून अंगणातून विचारायची. एकदा हे ऐकायची सवय लागलेल्या माणसाला मग दुसरं काही गोड लागेल कशाला? इंजिनाचं हँडल आपल्या हातून सुटलं की ते ‘भाऊ’ही सुटणार, अशी धास्ती त्याच्या मनात तेव्हाच घर करून बसली.

पुढे महाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि एका मुकादमाने कारखान्यांची छपरं धुवायचं कंत्राट घेतलं. रसायनाच्या कारखान्याचं छप्पर म्हणजे काय चीज असते ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. सिमेंटच्या पत्र्यांवर वर्षभर पांढरी-पिवळी भुकटी बसते, तिच्यावर शेवाळ, शेवाळावर पुन्हा भुकटी. पावसाळ्याआधी ते धुऊन काढलं नाही तर पन्हळी तुंबतात आणि पाणी आत माल ठेवलेल्या जागी उतरतं. या कामाला मुकादमाने पंपावर जानूला घेतलं आणि जानूने वर चढायला आपल्या मेहुण्याला घेतलं. मेहुणा म्हणजे बायकोचा, येसूबाईचा, धाकटा भाऊ महिपती. अंगाने हलका, हसरा आणि उंचीला न भिणारा.

जानूची मांडामांड बघत राहावी अशी. हौदाजवळची जागा दगड लावून सपाट करायची, तिच्यावर इंजिन पंप बसवायचा. मग आत ओढणारा जाड पाइप हौदात सोडायचा. त्याच्या टोकाची जाळीदार झडप गाळात रुतणार नाही अशी दोरीने लोंबती ठेवायची. मग पंपाला पाणी पाजायचं. कोरड्या पोटी पंप कितीही फिरवला तरी थेंब उचलत नाही, म्हणून वरच्या तोंडातून बादलीने पाणी ओतत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. हे काम जानू दुसऱ्या कुणाला करू देत नसे. शेवटी कॅनव्हासचा लांबलचक पाइप शिडीला सुंभाने बांधत बांधत छपरावर पोचवायचा. तिथे महिपती पितळी तोटी धरून उभा.

वरून महिपती ओरडायचा, ‘सोड’, की जानू पंपावरचा कॉक उघडायचा. ‘तोड’ म्हटलं की बंद करायचा. चालू आणि बंद म्हणायला काय झालं होतं, असं आज कुणीही विचारील. पण दोघंही शेतात पाणी लावत वाढलेले. वाफा भरला की पाणी तोडायचं, एवढंच त्यांना माहीत. शेतातला शब्द छपरावर गेला आणि इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

अडायला लागलं ते जानूच्या कानांमुळे. आयुष्यभर फटफटणाऱ्या इंजिनाशेजारी बसून त्याचा डावा कान गेला आणि उजवाही जायच्या वाटेला लागला. हे पहिल्यांदा कळलं येसूबाईला. ती गुपचूप त्याच्या उजव्या बाजूला बसून बोलू लागली. महिपतीला सांगा, म्हणून तिने पुष्कळदा विनवलं. तो वर जिवावर उदार होऊन काम करतो, त्याला कळायला हवं, एवढंच तिचं म्हणणं. जानू दर वेळी उसळायचा.

“पंप सोडला तर मी कोन गो? परत लोकांच्या बांधावर उभा ऱ्हाऊ?”

मग ती गप्प बसायची. तिनेही गप्प बसायला नको होतं, पण नवऱ्याचा मान बाईला किती जपावा लागतो, हे काय सांगायला हवं?

जानूने आपली एक युक्ती काढली होती आणि तिच्यावर तो मनातून खूश होता. शब्द कळला नाही तरी हाक आली एवढं त्याला कळायचं. आणि हाका नेहमी पाळीपाळीने यायच्या. सोडनंतर तोड, तोडनंतर सोड. पाणी चालू असताना हाक आली की बंद करायचं, बंद असताना आली की उघडायचं. त्यात चुकायला जागाच कुठे होती? दोन हंगाम त्याने असे काढले आणि मुकादमाला काय, महिपतीलाही वास लागू दिला नाही.

तिसऱ्या हंगामात, वैशाखातल्या एका सकाळी, ते एका मोठ्या शेडचं छप्पर धूत होते. पुढचा उतार झाला आणि महिपती पलीकडच्या उतारावर गेला, जानूच्या नजरेआड. तिथून त्याने तोड म्हणून हाक दिली. जानूने कॉक फिरवला, पण कॉकमध्ये कचरा अडकला असावा. तो पुरता मिटला नाही. तोटीतून पाणी गळतच राहिलं. सिमेंटच्या पत्र्यावर चालायची एक रीत असते. खाली लोखंडी पट्टी असते तिथे वर बोल्टांची ओळ दिसते, पाय त्या ओळीवरच ठेवायचा. मध्ये पडला तर पत्रा पापडासारखा मोडतो. महिपती तोटी काखेत धरून, पाइप ओढत त्या ओळीवरून पुढे सरकत होता आणि पायाखाली ओल यायला लागली होती. म्हणून त्याने पुन्हा हाक दिली, “तोड, पुरं तोड.”

जानूच्या हिशेबाने पाणी बंद होतं. बंद असताना हाक आली म्हणजे सोड. त्याने इंजिनाचा वेग वाढवला आणि कॉक पूर्ण उघडला.

मेलेला पाइप एकदम ताठ झाला, तोटी काखेतून उसळली आणि महिपतीचा पाय ओळीवरून सुटला. पत्रा मोडल्याचा आवाज वसाहतीच्या रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. जानूला तो आला नाही. माणसं शेडकडे धावायला लागली तेव्हाही तो कॉकवर हात ठेवून बसला होता आणि पुढच्या हाकेची वाट बघत होता.

पोत्यांच्या थप्पीवर पडला म्हणून महिपती जगला. पण कंबर गेली. हा माणूस पुन्हा पायावर उभा राहायचा नाही, असं डॉक्टरांनी येसूबाईला बाजूला घेऊन सांगितलं.

मुकादम दवाखान्यात आला तेव्हा जानू खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मुकादमाने काहीतरी विचारलं, महिपतीचे ओठ हलले, मुकादमाने मान डोलावली आणि जाताना जानूच्या खांद्यावर थोपटलं. जानूला यातलं काही कळलं नाही. बाहेर व्हरांड्यात येसूबाईने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की माझाच पाय चुकला, भावोजींचा काही दोष नाही, असं महिपती म्हणाला. आणि पुढच्या कामाला दुसरा माणूस चढवतो, पंप तयार ठेव, असं मुकादम सांगून गेला.

खोटं बोलायला जानूला आजवर कधी जड गेलं नव्हतं, पण त्या पडलेल्या पोराने त्याच्यासाठी बोललेलं खोटं त्याला सोसेना. तो धावत गेला आणि फाटकापाशी मुकादमाला गाठून म्हणाला, “मला ऐकू येत नाय. त्याने तोड म्हटलं, मी सोडलं.” पंप उद्या माणूस पाठवून नेतो, असं मुकादम म्हणाला आणि निघून गेला. हे मात्र जानूला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

परत येऊन त्याने महिपतीलाही तेच सांगितलं. आता शिव्या दे, थुंक माझ्या तोंडावर, म्हणाला. महिपती छताकडे बघत पडला होता. तसंच पडल्या पडल्या त्याने तोंड उघडलं आणि हळूहळू, थांबत थांबत काहीतरी बोलला. जानूने येसूबाईकडे पाहिलं. ती सांगेना. त्याने तिचा हात धरला तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकली, आणि सगळ्या खाटांवरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिला सांगावं लागलं.

“तो म्हनतो, भावोजींनी आधी बोलायचं व्हतं. मी पंपावर बसलो असतो, ते वर चढले असते. वरच्याला ऐकावं कुठं लागतं? त्याला निस्तं ओरडायचं असतं.”

जानूने तिला पुन्हा सांगायला लावलं नाही. शब्द न् शब्द त्याला ऐकू आला होता.