दादीची नक्कल

कार्ल्यात बांगड्या भरणाऱ्या अकबरीच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. गुडघे धरल्यापासून जमिनीवरून उठताना ती हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत उठायची. पाच वर्षांचा नातू गुलजारही तसाच उठू लागला, तेव्हा घरदार हसलं. अकबरी मात्र भडकली, “दादीची नक्कल करतोस व्हय रं?” जाड पोटऱ्यांमुळं गाव तर त्याला पैलवानच म्हणे.

पुढं तो चालता चालता पडू लागला. एकोणीसशे पस्तीस साली अकबरीनं त्याला मळवलीहून आगगाडीनं लोणावळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी त्याला खाली बसवून उठायला लावलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या.

“ही नक्कल नाही, आजी. मांड्यांतला जोर कमी होतोय. पोटऱ्या नुसत्या फुगल्यात. हे वाढत जाईल, आणि यावर औषध नाही.”

“मग शिकलात कशाला?” अकबरी खेकसली.

तेव्हापासून गुलजार दुकानात तिच्याशेजारी बसू लागला. बायकांचे हात बघून मापाच्या बांगड्या काढून देई, गप्पांत रमून जाई. संध्याकाळी दोघं एकदमच उठत, मांड्यांवर हात टेकत, सावकाश.

एकदा तो हसून म्हणाला, “दादी, माझी नक्कल करतीस व्हय?”

“व्हय रं,” अकबरी म्हणाली, “पण तुझ्याइतकं झ्याक जमत न्हाई.”