जिन्याखालचं दार

पनवेलच्या आमच्या घरात संडास वरच्या मजल्यावर. आईला जिना चढवेना, म्हणून जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत कमोड आणि बेसिन बसवायला जवळच्या आपटा गावचा एक प्लंबर आला.

भिंतींची मापं घेताना तो सारखा आईकडे बघायचा. "दुपारी आजी एकट्याच असतात? आतून कडी लावतात?" त्यानं हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी ऑफिसला रजा टाकली आणि त्याच्यावर नजर ठेवून बसलो.

जेवण झाल्यावर त्यानं आत जाऊन दार लोटून घेतलं. बराच वेळ कसलाच आवाज नाही. मी दार ढकललं, तर ते अडलं. फटीतून पाहिलं, तो पाय दुमडून फरशीवर पडला होता, पाठ दाराला टेकवून.

"बघा, उघडत नाय," तो पडल्या पडल्याच म्हणाला. "माझी आय अशीच पडली. आमी सगले भायेर. ढकलावं तर तिलाच लागायचं. दार भायेर उघडंल असं लावतो."

तो उठला. त्यानं बिजागऱ्या काढायला घेतल्या.

आईनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "कडी ठेवणार आहेस ना रे?"

तो पहिल्यांदाच हसला. "ठेवतो, आजी. पन भायेरूनबी निघंल अशी."